अनुदानाची तारीख

गेली काही वर्षे पावसाळ्याच्या दिवसांत वर्तमानपत्रांत एक यादी येते. देशातली पहिली शंभर विद्यापीठे कोणती, त्यांत आपली किती, गेल्या वर्षी कोण कितवे होते आणि यंदा कुठे घसरले, याची ती यादी. 'राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा' असे तिचे लांबलचक नाव. लोक नुसते 'एनआयआरएफ' म्हणतात. २०२४ साली या यादीत राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र विभाग झाला आणि त्यात आपले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ देशात तिसरे आले. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, ते पहिल्या दहांतही नव्हते.

एका वर्षात विद्यापीठ इतके बिघडते का? इमारती त्याच, ग्रंथालय तेच, मुलेही तीच. पण गुण देताना दर शिक्षकामागे विद्यार्थी किती, हे पाहिले जाते. शिक्षक निवृत्त होत जातात, त्यांच्या जागा रिकाम्या राहतात आणि गुण खाली येतात. आता सार्वजनिक विद्यापीठात पगारी प्राध्यापक नेमायचा तर विद्यापीठाच्या मनात असून भागत नाही. मंत्रालयाची मान्यता लागते, वित्त विभागाची संमती लागते. म्हणजे जागा रोखून धरणारे एक सरकार आणि जागा रिकामी दिसली म्हणून गुण कापणारे दुसरे सरकार. मध्ये विद्यापीठ. ते वर्गातल्या त्या पोरासारखे, ज्याला घरून वही मिळत नाही आणि शाळेत वही नाही म्हणून छडी मिळते.

पैसा द्यायचा कुणाला, आणि ज्याला द्यायचा त्याची लायकी मोजायची कशी, हा प्रश्न आजचा वाटतो. पण तो आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुना आहे.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी कायद्याने जन्माला आले. त्याच वर्षी जानेवारीत कलकत्त्याचे झाले होते, सप्टेंबरात मद्रासचे झाले. उत्तरेत बंड पेटलेले असताना इकडे कंपनी सरकार विद्यापीठांचे कायदे करत होते, याचे नवल पुष्कळांनी केले आहे. मला नवल वाटते ते दुसऱ्या गोष्टीचे. हे विद्यापीठ शिकवत नव्हते. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते फक्त परीक्षा घेई आणि पदवी देई. शिकवण्याचे काम एल्फिन्स्टनसारखी महाविद्यालये करत. १८६२ साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. या चौघांना पदवी देणाऱ्या विद्यापीठाला तेव्हा स्वतःची इमारतसुद्धा नव्हती.

ती इमारत सरकारच्या तिजोरीतून उभी राहिली असे आपण समजतो. फोर्टमधून जाताना राजाबाई टॉवर पाहिला की राणीच्या राज्याची श्रीमंती आठवते. प्रत्यक्षात पदवीदान सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी एक लाख रुपये दिले, आणि ग्रंथालय व मनोरा यांसाठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन-दोन लाख. मनोऱ्याला नाव दिले ते प्रेमचंदांच्या आईचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या दिवसांतला हा पैसा. १८६५ साली बाजार कोसळला, प्रेमचंदही बुडाले. पण दिलेले दान दिलेलेच राहिले आणि १८७८ साली मनोरा पुरा झाला. थोडक्यात, सरकारने हक्क दिला, शेटजींनी दगड दिला आणि रोजचा खर्च बराचसा परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या फीतून निघू लागला. परीक्षा शुल्क आणि संलग्न महाविद्यालयांकडून येणारे शुल्क हा आपल्या विद्यापीठांचा मोठा आधार आजही आहे, त्याचे मूळ हे असे जन्मातच आहे.

याच सुमारास इंग्लंडात एक नवी टूम निघाली. रॉबर्ट लो नावाच्या गृहस्थांनी १८६२ साली शाळांच्या अनुदानाचे नियम बदलले. तपासनीस शाळेत येणार, एकेका मुलाचे वाचन, लेखन, गणित तपासणार, आणि जितकी मुले पास तितके पैसे शाळेला. 'निकालानुसार अनुदान' असे त्याला म्हणता येईल. मुंबई इलाख्यातही याच दशकात शाळांच्या अनुदानाला ही पद्धत लागू झाली. कल्पना वरकरणी चोख आहे. जनतेचा पैसा देता, तर काम झाले की नाही ते बघून द्या. कोण नाही म्हणेल?

नाही म्हणणारा एक माणूस पुण्यात निघाला. १८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग आला, तेव्हा १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे महात्मा जोतीराव फुल्यांचे निवेदन आयोगापुढे गेले. हे निवेदन आपण सहसा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी आठवतो, आणि ते बरोबरच आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षण सक्तीचे करा, असे जोतीरावांनी सांगितले होते. पण त्या निवेदनाला जमाखर्चाची एक बाजू आहे. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावर खर्च होताना तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, हे त्यांनी स्पष्ट मांडले. शेतकऱ्यांकडून शिक्षणासाठी म्हणून पट्टी गोळा होते आणि ती त्या कामावर खर्च होत नाही, हेही नोंदवले. आणि निकालानुसार अनुदानाबद्दल त्यांचे म्हणणे असे होते की ज्या लोकांत शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे ती लावायला ही पद्धत उपयोगाची नाही. तिथे सरकारने आधी स्वतः शाळा काढली पाहिजे, खास उत्तेजन दिले पाहिजे.

हे नीट समजून घेऊ. जिथे घरात आधीच अक्षर आहे, तिथली मुले पास होणार, तिथल्या शाळेला पैसे मिळणार, त्या पैशांतून ती शाळा आणखी बरी होणार. जिथे घरात अक्षर नाही, तिथली मुले नापास, शाळा कफल्लक, आणि पुढच्या वर्षी ती अधिकच नापास. मास्तर वाईट म्हणून नव्हे, तर सुरुवातीची रेघच वेगवेगळ्या जागी मारलेली म्हणून. जोतीरावांना हे कळले होते, कारण त्यांनी शाळा त्या रेघेच्या मागच्या बाजूला काढल्या होत्या.

त्याच निवेदनात उच्च शिक्षणाविषयी एक लहानशी सूचना आहे, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मुंबई विद्यापीठाने प्रवेश परीक्षेला घरी अभ्यास केलेल्या मुलांनाही बसू दिले याचे जोतीरावांनी स्वागत केले आणि हीच सवलत बी.ए., एम.ए.लाही द्या म्हणून सुचवले. कॉलेजची फी परवडत नाही, पण रात्री दिव्याखाली बसून वाचायची तयारी आहे, अशा तरुणांसाठी. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९७१ च्या सुमारास, मुंबई विद्यापीठात पत्रद्वारे शिक्षणाची संस्था सुरू झाली. पोस्टाने येणारे त्या संस्थेचे पाठ वाचून, दिवसा नोकरी करून मी बी.ए. झालो. त्यामुळे त्या ओळींविषयी मला जरा जास्तच जिव्हाळा आहे, हे कबूल करतो.

हंटर आयोगाने उच्च शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे, खासगी संस्थांना अनुदान देऊन ते काम त्यांच्यावर सोपवावे, अशी शिफारस केली. आपल्याकडची नामवंत महाविद्यालये याच काळातली. १८८५ चे फर्ग्युसन त्यांतलेच. पुढे १९१९ च्या सुधारणा कायद्याने शिक्षण हे खाते प्रांतातल्या लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले. विद्यापीठांच्या पैशांसाठी दिल्लीकडे नव्हे तर आधी मुंबईकडे बघण्याची जी सवय आपल्याला लागली, तिचे कायदेशीर मूळ तिथे आहे. राज्यघटनेने तेच कायम ठेवले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले. तेव्हापासून हुकूम दोघांचे आणि पगाराचा मोठा भार राज्यावर, असा संसार चालला आहे.

मधल्या काळातल्या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

पहिली कर्व्यांची. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ काढले ते सरकारला न विचारता. मान्यता नाही, अनुदान नाही, पदवीला सरकारी नोकरीत किंमत नाही, आणि शिकवायचे मात्र मातृभाषेतून. वर्गण्या गोळा करत अण्णा गावोगाव फिरले. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांचे दान दिले तेव्हा कुठे त्या विद्यापीठाचे पाय जमिनीला टेकले. सरकारमान्यता स्वातंत्र्यानंतर मिळाली. त्या काळी कुणी विद्यापीठांची क्रमवारी लावली असती, तर कर्व्यांचे विद्यापीठ यादीतच नसते.

दुसरी गोष्ट निजामाच्या राज्यातली. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. मुंबईसारखी इथे शेटजींची वाट पाहावी लागली नाही, पूर्ण खर्च राज्याच्या खजिन्याचा. आणि शिक्षणाचे माध्यम उर्दू. देशी भाषेतून उच्च शिक्षण देता येते, शास्त्राची पुस्तके भाषांतरित करता येतात, हे त्या खजिन्याने दाखवून दिले. माझ्या घरात बोलणे उर्दूतले, लिहिणे माझे मराठीतले, म्हणून या प्रयोगाचा मला अभिमानही वाटतो आणि त्याची दुसरी बाजूही दिसते. औरंगाबादच्या, बीडच्या मराठी पोराला ही देशी भाषा परकीच होती. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादेत मिलिंदच्या रूपाने महाविद्यालय उभे केले तेही आधी उस्मानियाशीच जोडलेले होते. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली.

तिसरी कर्मवीर भाऊराव पाटलांची. १९१९ साली स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे मराठा, महार, मुसलमान, सगळ्या जातिधर्मांच्या मुलांची. १९४८ साली भाऊरावांच्या बोलण्यावर सरकारची खप्पा मर्जी झाली आणि संस्थेचे अनुदान थांबवले गेले. स्वराज्य येऊन वर्षही नीट उलटले नव्हते. लोकांनी धान्य दिले, वर्गणी दिली, संस्था तगली, आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. गाडगेबाबांनी त्यासाठी बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला असे सांगतात.

मी शब्दांचा धंदा करणारा माणूस आहे म्हणून एक आडवळण घेतो. आपल्या मराठीत पैशाचे बहुतेक शब्द बाहेरून आलेले आहेत. जमा, खर्च, हिशेब, वसूल हे अरबी-फारसीतून आले, पगार पोर्तुगीजांकडून. मात्र सरकार शाळा-कॉलेजांना जे देते त्याला आपण चांगला संस्कृत शब्द घडवला: अनुदान. त्यात 'दान' आहे. त्यामुळे घेणाऱ्याने हात पसरायचा आणि देणाऱ्याने उपकार केल्यासारखे द्यायचे, हा भाव शब्दातच येऊन बसला. खरे पाहता तो पैसा रयतेने आधी भरलेला असतो. जोतीराव त्याला पट्टीच म्हणाले असते.

स्वातंत्र्यानंतरचा काळ मात्र देणाऱ्याच्या हाताला साजेसा होता. १९४९ साली पुणे विद्यापीठ, १९६२ साली कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, १९८३ साली अमरावती, १९९० साली उत्तर महाराष्ट्र. यशवंतराव चव्हाणांच्या काळात, १९५९ साली, आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना फी माफ झाली. 'ई.बी.सी.' ही तीन अक्षरे खेड्यातल्या एका सबंध पिढीला पाठ आहेत. १९७० च्या दशकात महाविद्यालयीन शिक्षकांच्या पगाराचा बोजा सरकारने आपल्या अंगावर घेतला. तोवर संस्थाचालक देतील तो पगार आणि सही करायची ती वेगळ्या आकड्यावर, असे किस्से जुने प्राध्यापक सांगत. पगार सरकारचा झाला तसा खेड्यातल्या कॉलेजातही शहरातल्याइतकाच शिकलेला माणूस टिकू लागला. इमारत, पुस्तके, प्रयोगशाळा यांसाठी १९५६ च्या कायद्याने उभा राहिलेला विद्यापीठ अनुदान आयोग होता. माझ्या मते महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणाच्या इतिहासातले सर्वांत मोठे काम हे पगाराचे आहे. त्याचा पुतळा नाही, कारण पगाराचा पुतळा कसा करणार?

१९८३ साली वारे फिरले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये विनाअनुदान तत्त्वावर काढायला परवानगी मिळाली. आपली मुले देणग्या मोजून कर्नाटकात जातात, ती इथेच राहतील, असा युक्तिवाद होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. चारच वर्षांत, १९८७ साली, देणगी घेण्याला बंदी करणारा कायदा करावा लागला, यावरून काय ते समजा. पण इंजिनिअरिंगची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या कॉलेजांविषयी. तिथेही हळूहळू विनाअनुदानाची रीत आली. आज ना उद्या अनुदान मिळेल, या आशेवर कॉलेजे निघत राहिली. मग २४ नोव्हेंबर २००१ रोजी शासन निर्णय निघाला आणि त्यापुढे नव्या वरिष्ठ महाविद्यालयांच्या मान्यतेला एक शब्द जोडला गेला: कायम. कायम विनाअनुदानित.

आता माझ्या गावाकडे येतो. मीरा-भाईंदर म्हणजे एके काळी मिठागरे, भातशेती, उत्तनकडे कोळ्यांच्या होड्या आणि भाईंदरला रेल्वेचा पूल. १९८५ साली इथे नगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत आम्ही पावणेदोन लाख होतो. २००१ च्या जनगणनेत पाच लाख वीस हजार. दहा वर्षांत तिप्पट. मुंबईत घर परवडेना म्हणून चाळी सोडून आलेले मराठी लोक, गुजराती-मारवाडी दुकानदार, उत्तर भारतातले कारागीर, आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर जीव मुठीत धरून नया नगरला आलेली मुसलमान कुटुंबे. माणसे आली, मुले आली, शाळा निघाल्या. मुले दहावी-बारावी होऊ लागली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी आमची महानगरपालिका झाली.

त्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. नव्या कॉलेजांना अनुदानाचे दार नोव्हेंबर २००१ मध्ये बंद झाले. आमचे गाव कागदोपत्री शहर झाले ते त्यानंतर तीन महिन्यांनी. २०११ च्या जनगणनेत आम्ही आठ लाखांच्या वर होतो, आणि या वाढलेल्या मुलांसाठी जी काही नवी कॉलेजे निघाली ती 'कायम' या शब्दाच्या पलीकडची. यात कुणी आमच्याविरुद्ध कट केला असे मी म्हणत नाही. सरकारी निर्णय एखाद्या गावाकडे बघून निघत नाहीत. पण कॉलेज कोणत्या सालचे, यावर तिथल्या मास्तरांचा पगार कोण देणार हे ठरते, आणि पगारावर पुढचे सगळे ठरते. गिरगाव, दादर, पार्ले ही उपनगरे आधी वसली म्हणून त्यांच्या कॉलेजांना सरकारी पगार मिळाला. मीरा रोड, नालासोपारा, कळंब्याच्या पुढची वस्ती अशी जी गावे आणि उपनगरे उशिरा वाढली, त्यांच्या वाट्याला फी आली. अन् उशिरा वाढलेल्या वस्तीत राहायला जातो तो कोण? ज्याला आधीच्या वस्तीत घर परवडत नाही तो. म्हणजे ज्याच्या खिशात कमी, त्यानेच शिक्षणाचे पुरे पैसे मोजायचे. हंटर आयोगापुढचा हिशेब उलटा करून पाहिला तरी उत्तर तेच येते.

माझे एक कविमित्र आहेत. मराठीत एम.ए., सेट उत्तीर्ण. अंधेरी ते विरारच्या दरम्यान तीन कॉलेजांत ते तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास तितके पैसे, मे महिन्यात शून्य. फार चांगले शिकवतात, मुले जीव टाकतात. पण कॉलेजच्या मूल्यमापनात पूर्णवेळ शिक्षक किती, असा रकाना येतो तेव्हा तिथे त्यांची गणती होत नाही. वर्गात ते असतात, कागदावर नसतात.

मूल्यमापनाकडे वळलोच आहे तर तेही पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ साली बंगळुरूला 'नॅक' स्थापन केली. संस्थेने स्वतःचा अहवाल लिहायचा, मग बाहेरची समिती येऊन पाहून जाणार आणि श्रेणी देणार. 'नॅक येणार' म्हटले की कॉलेजात लग्नघराची धावपळ सुरू होते: रंगरंगोटी, फायलींचे गठ्ठे, जुन्या विद्यार्थ्यांना फोन. थट्टा सोपी आहे, पण नॅकमुळे कित्येक कॉलेजांत ग्रंथालयाची नोंद नीट झाली, मुलींसाठी खोली झाली, माजी विद्यार्थी कुठे गेले याची पहिल्यांदा चौकशी झाली, हेही तितकेच खरे. नॅककडून मूल्यांकन करून घेणाऱ्या महाविद्यालयांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पुढे राहिला आहे. मुंबई विद्यापीठाला २०२१ साली सर्वोच्च 'ए प्लस प्लस' श्रेणी मिळाली. दुसऱ्या बाजूला फेब्रुवारी २०२५ मध्ये तपासणी समितीतल्या काही जणांना लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली. जिथे श्रेणीवर पैसा आणि प्रवेश अवलंबून, तिथे श्रेणीलाही भाव येणार.

एनआयआरएफ ही क्रमवारी २०१५ साली जाहीर झाली आणि पहिली यादी २०१६ साली आली. तिच्या गुणांची वाटणी विद्यापीठांसाठी अशी: शिकवणे आणि साधने ३०, संशोधन ३०, विद्यार्थ्यांचे निकाल आणि पुढची वाटचाल २०, सर्वसमावेशकता १०, लोकांतली प्रतिमा १०. मुली किती, गरीब घरातली मुले किती, अपंगांसाठी काय सोय, हे सगळे मिळून दहा गुण. लोक नाव घेतात म्हणूनही दहा गुण. कीर्ती आणि करुणा एकाच भावाने. साधनांच्या ३० गुणांत शिक्षक किती, त्यांत पीएच.डी. किती, खर्च किती, हे येते, आणि संशोधनाच्या ३० गुणांना प्रयोगशाळा व स्थिर नोकरी लागते. हे सगळे पैशाने आधी उभे केलेले असावे लागते. यादी गुणवत्ता मोजते हे खरे, पण त्या गुणवत्तेत गेल्या पन्नास वर्षांचे अनुदान मुरलेले असते.

इथवर ठीक होते. यादी वाचली, वाईट वाटले, विसरून गेलो. पण २०१३ साली केंद्राने राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, म्हणजे 'रूसा', सुरू केले आणि राज्यांच्या विद्यापीठांना केंद्राचा पैसा नॅकच्या श्रेणीशी जोडला गेला. २०२३ साली त्याचे नाव 'पीएम-उषा' झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात नॅक न केलेल्या महाविद्यालयांचे प्रवेश थांबवण्यापर्यंत इशारे गेले. अधूनमधून भरतीचे दार किलकिले होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने रिक्त असलेल्या प्राध्यापकपदांपैकी चाळीस टक्के भरायला मान्यता दिली. रिक्त जागांपैकी चाळीस टक्के, म्हणजे साठ टक्के रिक्तच. मग त्याच विद्यापीठांनी क्रमवारीत वर का जाऊ नये, असे विचारायचे.

इंग्लंडने रॉबर्ट लो यांची निकालानुसार अनुदानाची पद्धत १८९० च्या दशकात मोडीत काढली. शाळांत मुले रट्टा मारतात, मास्तर तपासनिसाच्या दिवसापुरते शिकवतात, हे तीस वर्षांनी त्यांना पटले. मग १९८६ साली तिथल्या सरकारने विद्यापीठांसाठी संशोधनाचे मूल्यमापन सुरू केले आणि संशोधनाचा पैसा त्या गुणांवर वाटू लागले. शाळेच्या दाराने बाहेर घालवलेला पाहुणा विद्यापीठाच्या खिडकीतून परत आला. आपण त्यांच्याकडून १८५७ साली परीक्षा घेतली आणि १८६० च्या दशकात निकालावरचे अनुदान. आता पुन्हा उसने घेताना निदान पहिल्या वेळचे बिल काढून पाहायला हरकत नव्हती.

सच्चर समितीने २००६ साली सांगितले की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवीधर चार टक्क्यांच्याही आत आहेत. नया नगरच्या गल्ल्यांत त्यानंतर फरक पडला आहे, विशेषतः मुलींमध्ये. पण तो पडला तो आईच्या शिवणकामाच्या आणि बापाच्या रिक्षाच्या पैशांवर. कॉलेज दारात असले तरी पहिला प्रयत्न लांबच्या अनुदानित कॉलेजचाच. गुणवत्ता यादी लागते त्या दिवसांत आमच्या इमारतीतल्या मुलीही हेच विचारतात: अनुदानित तुकडीत नंबर लागेल का? लागला तर कॉलेजकडून सवलतीचा दाखला घ्यायचा आणि रेल्वेचा विद्यार्थी पास काढायचा. भाईंदर ते विलेपार्ले. सकाळी सहाच्या सुमाराला फलाटावर पाठीला दप्तर लावून उभ्या असलेल्या या मुलींपर्यंत सरकारी अनुदान पोचते ते एवढेच, तिमाही पासाच्या सवलतीइतके.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)